पानाच्या तळाशी रेघ

बाळाचं नाव लिहून झालं होतं आणि शाई वाळत होती. या घराचा तसा नियमच होता, आणि तो आजोबांच्या वडिलांनी घालून दिलेला. बाप्तिस्मा झाला की चर्चमधून थेट घरी यायचं, घरचं पुस्तक उघडून त्यात नाव लिहायचं आणि शाई आपोआप वाळेपर्यंत पुस्तक उघडं ठेवून सगळ्यांनी जेवायला बसायचं. टिपकागद लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. तीन पिढ्या पुस्तकं बांधून पोट भरणाऱ्या या माणसांना शाईची घाई करणं पाप वाटायचं, आणि पापाच्या बाबतीत हे घर आधीच फार हळवं होतं.

म्हणून त्या रविवारी दुपारी पुस्तक खिडकीजवळच्या टेबलावर उघडं होतं. खालचं बाइंडिंगचं दुकान बंद होतं, तरी खळीचा आंबूस वास जिन्यावरून वर आलाच होता. त्या वासाची इथे कुणाला जाणीवही राहिलेली नव्हती. आत्याला नात झाली होती, आज तिचा बाप्तिस्मा झाला होता. बाळ रडायला लागलं म्हणून आत्याची मुलगी आणि जावई त्याला घेऊन आतल्या खोलीत गेले होते, आणि पुढचं सगळं त्या दोघांनी दाराआडूनच ऐकलं. बाहेर येण्याची हिंमत दोघांनाही झाली नाही, आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

टेबलाशी सातजण होते. आजोबा मधोमध. त्यांच्या उजवीकडे मोठे काका, म्हणजे आजोबांचा थोरला, अविवाहित, कटिंग मशीनवर ज्यांच्याशिवाय कुणी हात ठेवत नाही असे, आणि गेली बावीस वर्षं चर्चमध्ये रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारे. डावीकडे आत्या, तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. समोर धाकटा, जो पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवतो आणि घरात शक्यतो तोंड उघडत नाही. त्याच्या शेजारी त्याची बायको, घरातली एकुलती एक सून, दुकानात फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायचं काम जिचं. आणि पुढच्या दोन खुर्च्यांवर त्यांच्या दोन मुली. नऊ वर्षांची वकीलबाई, हे नाव आजोबांनी ठेवलेलं, कारण ती अडीच वर्षांची असताना या घरात दत्तक आली ती प्रश्न विचारतच आली. आणि पाच वर्षांची पिल्लू, जी याच घरात जन्मली.

"प्रार्थना पिल्लू करेल," मोठे काका म्हणाले. त्यांचा आवाज आज मऊ होता. पुस्तकात नाव लिहिण्याचा मान पहिल्यांदाच त्यांना मिळाला होता, आजोबांचा हात आता थरथरतो म्हणून.

पिल्लूने हात जोडले, डोळे इतके घट्ट मिटले की नाकाला सुरकुत्या पडल्या.

"देवा, सूपबद्दल आभार. पावाबद्दल आभार. बाळाबद्दल आभार. आणि देवा, तुझ्या पुस्तकातलं माझं नाव खोडून टाक. ताईचं त्यात नाहीये, आणि मग ती एकटीच बाहेर राहील. आमेन."

कुणीच आमेन म्हटलं नाही.

आत्या आधी हसली. वॉर्डात सवय लागलेली असते, काही वेडंवाकडं झालं की आधी हसून वेळ मारून न्यायची. "काय गं बाई हे, कुठून आणतात ही पोरं," असं म्हणत तिने सूपचं भांडं उचललं. पण सूनबाईने तिच्या हातावर हात ठेवला आणि भांडं परत खाली टेकवलं.

"पिल्लू," ती म्हणाली, "ताईचं नाव नाही असं तुला कोणी सांगितलं?"

"ताईने."

वकीलबाई ताटलीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. खरं तर तिला पिल्लूचा राग आला होता, कारण ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं ठरलं होतं, आणि पाच वर्षांच्या माणसाबरोबर काही ठरवू नये हे तिच्या आता लक्षात येत होतं.

"सांग बाळा," सूनबाई म्हणाली. "कोणी रागावणार नाही."

वकीलबाईने सांगितलं. ती नेहमी सांगायची तसंच, मुद्द्याला मुद्दा जोडून. तीन रविवारांपूर्वी मोठ्या काकांनी वर्गात शिकवलं की जग निर्माण व्हायच्या आधीच देवाने काही माणसं तारणासाठी निवडून ठेवलीत. त्यांची नावं एका पुस्तकात लिहिलेली आहेत. ज्याचं नाव आहे तो स्वर्गात जाणार, ज्याचं नाही तो नाही. तिने हात वर करून विचारलं होतं, आपलं नाव आहे का हे कसं कळतं? काका म्हणाले, तसं कळत नाही, पण माणसाच्या वागण्यात चिन्हं दिसतात. मग तिने विचारलं, नसेल तर काय केलं म्हणजे येतं? काका म्हणाले, काहीही केलं तरी येत नाही, ते आधीच ठरलेलं असतं.

"आणि मग काका म्हणाले," ती थांबली, "की ते पुस्तक म्हणजे आपल्या घरच्या पुस्तकासारखं आहे असं समजा. जे घरचे असतात त्यांचंच नाव त्यात असतं."

"मग?"

"मग मी घरी येऊन बघितलं. कपाटाला कुलूप नव्हतं. पिल्लू पण होती." आता तिने मान वर केली, पण आईकडे नाही, खिडकीतल्या टेबलाकडे बघितलं. "एका पानावर सगळ्यांत शेवटी बाबांचं आणि तुझं लग्नाचं लिहिलंय. त्याच्याखाली रेघ आहे. पान संपलं. मग पुढच्या पानावर पहिलंच पिल्लूचं नाव. मधे मी नाही. रेघ ओढली म्हणजे यादी संपली ना?"

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती याच ठिकाणी. आतापर्यंत ती ऐकत होती ते आईच्या कानांनी, आता तिला मागचे तीन आठवडे एकदम दिसले. ही मुलगी तीन आठवडे न सांगता भांडी घासत होती. शाळेचा डबा पूर्ण खात होती. पिल्लूला खेळणी देऊन टाकत होती, भांडत नव्हती, उलट उत्तर देत नव्हती. आणि आपण, आपण मोठ्या कौतुकाने फोनवर माहेरी सांगत होतो की पोर किती शहाणी झालीय हल्ली. चिन्हं दाखवत होती ती. देवाला दाखवत होती, आणि आपल्यालाही.

"दादा," ती मोठ्या दिरांना म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नाही म्हणूनच धाकटा दचकून बघायला लागला. "हे तुम्ही नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलंत."

मोठ्या काकांनी रुमाल काढून ओठ टिपले. ओठांना काही लागलेलं नव्हतं. "मी वर्गाला सांगितलं. आठ मुलं होती."

"आठ. बरं. म्हणजे आठ घरांत हे गेलं."

"मी खोटं शिकवलेलं नाही," मोठे काका म्हणाले. "तारण कृपेने मिळतं, करणीने नाही. आपण ते कमवू शकत नाही. म्हणून तर आपल्या चुकीने ते जातही नाही. त्यात केवढा दिलासा आहे हे मुलांना लहानपणीच कळायला हवं."

"दिलासा? तुमच्या दिलाशाने माझी मुलगी तीन आठवडे सगळ्यांची भांडी घासतेय. आणि ही पाच वर्षांची, स्वतःचं नाव खोडून मागतेय."

"अगं, पण दादा काही नवीन सांगत नाहीये," आत्या मध्ये पडली. ती नेहमी मोठ्या भावाच्या बाजूने मध्ये पडायची, लहानपणापासूनची खोड. "आम्हालाही बाबांनी हेच शिकवलं. याच टेबलाशी. आमचं काय वाईट झालं?"

आजोबांनी पावाचा तुकडा मोडला आणि तो न खाता ताटलीत ठेवला.

"आक्का," सूनबाई तिच्याकडे वळली, "तुमच्या वॉर्डात बाळ जातं. जन्मल्याबरोबर जातं, कधी त्याआधीच जातं. मग ती बाई तुमचा हात धरून विचारते, माझं बाळ कुठे गेलं म्हणून. विचारते की नाही?"

"विचारते."

"तिला काय सांगता? बाई, ते आधीच ठरलेलं आहे, नाव असेल तर असेल, आपल्याला कळायला मार्ग नाही. असं सांगता?"

आत्याने सूपचं भांडं बाजूला सारलं. तीस वर्षांत अशा किती बाया झाल्या असतील, तिने मोजल्या नव्हत्या. पण त्यांतल्या काहींच्या हाताची पकड तिला अजून मनगटावर जाणवायची.

"नाही," ती म्हणाली. "देवाकडे गेलं म्हणते."

"प्रत्येकीला?"

"प्रत्येकीलाच. विचार करायला वेळ कुठे असतो तिथे." आणि भावाकडे न बघता, "वेळ असता तरी तेच सांगितलं असतं."

मोठे काका बहिणीकडे बघत राहिले. या टेबलाशी ती त्यांच्या बाजूने नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"हा धर्माचा मुद्दा वेगळा राहू दे," सूनबाई म्हणाली. "मला दुसरंच विचारायचंय, आणि ते सात वर्षं माझ्या मनात नव्हतं, हे खरं सांगते. आज आलं. पुस्तकात हिचं नाव का नाही? पिल्लूचं आहे, आज बाळाचं आलं. हिचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, मी हिला कडेवर घेऊन उभी होते. रक्ताची नाही म्हणून लिहिलं नाहीत का? तसं असेल तर तोंडावर सांगा. मी माझ्या मुली घेऊन उठते."

"अगं काहीतरी काय बोलतेस," धाकटा म्हणाला. त्याचं पहिलं वाक्य, आणि तेही बायकोला गप्प करायला.

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही मूग गिळून बसलात म्हणून मला बोलावं लागतंय."

तेवढ्यात आजोबा बोलले. "मी लिहिलं होतं."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"माझ्या हाताने लिहिलं," आजोबा म्हणाले. "पानावर जागा नव्हती. तुमच्या लग्नाची नोंद, तिच्याखाली बोटभर कागद उरला होता. पुढचं पान कोरं होतं, तिथे ऐसपैस लिहिता आलं असतं. पण म्हटलं, आधीच दुरून आलेलं लेकरू, त्याला कोऱ्या पानावर एकटं कशाला टाकायचं. आईबापाच्या खालीच राहू दे. दाटीवाटीने बसवलं. अगदी कडेला." त्यांनी वकीलबाईकडे बघितलं. "तू मांडीवर होतीस. माझ्या पेनाचं टोपण चावत होतीस."

सूनबाई खुर्ची मागे सारून उठली आणि खिडकीपाशी गेली. ओल्या शाईचं पान तिने पूर्ण उलटलं नाही, कोपऱ्याला धरून अगदी अलगद उभं धरलं, म्हणजे मागची बाजू दिसेल आणि ओलं नाव कशालाच टेकणार नाही. हे तिच्या हातांना येत होतं. हेच पुस्तक चार वर्षांपूर्वी तिने स्वतः उसवून पुन्हा शिवलं होतं. पाठ सुटायला आली होती म्हणून आजोबांनी पुन्हा बांधायला काढलं, तिने शिवलं, मोठ्या काकांनी तिन्ही बाजूंनी कापलं, नवऱ्याने पाठीवर सोनेरी अक्षरं चढवली. त्यानंतर घरात बाप्तिस्मा झाला नाही आणि पुस्तक कुणी उघडलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीने उघडेपर्यंत.

लग्नाची नोंद. खाली रेघ. मुलगी खरं सांगत होती, पानाच्या अगदी तळाशी, कागदाच्या कडेला लागून बारीक काळी रेघ होती. सूनबाईने पान उजेडासमोर धरलं आणि नाक टेकेल इतकी वाकली.

रेघ सरळ नव्हती. मध्ये दोनदा तुटली होती. आणि एका जागी तिच्यावर एक वेलांटी उभी होती, पूर्ण, गोल, आजोबांच्या वळणाची.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली, "इकडे या."

धाकटा आला. अक्षरांवर त्याचं पोट होतं, त्याला वाकावंही लागलं नाही. "ही रेघ नाहीये," तो म्हणाला. "ही शिरोरेषा आहे. अक्षरं खाली होती." त्याने अंगठा पानाच्या खालच्या कडेवरून फिरवला. मशीनने कापलेली कड, पात्याने स्वच्छ घेतलेली. "कापलं गेलंय."

खोलीत कुणी विचारलं नाही की कोणी. कटिंग मशीनवर या घरात एकच हात चालतो.

या दुकानात आणखी एक नियम होता, आणि तो दुकानाच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितला जायचा. कापताना पातं लिहिलेल्या किंवा छापलेल्या अक्षराला लागलं, तर ज्याच्या हातून झालं त्याने मशीनपाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "शाई कापली." बस, एवढंच. कुणी रागवायचं नाही, कुणी हसायचं नाही, सगळ्यांनी हातातलं काम ठेवून ते दुरुस्त कसं करायचं ते बघायचं. कारण लपवलेली चूक गिऱ्हाईक एक दिवस घेऊन येतंच, आणि तेव्हा ती दुरुस्त होत नाही. मशीनच्या पायाशी कागदाच्या कातरणांत खेळून मोठी झालेली वकीलबाई हे दोन शब्द पाढ्यांच्याही आधी शिकली होती.

मोठ्या काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्रार्थनेचं छोटं पुस्तक काढलं. त्याच्या मधोमध एक पातळ कागदी पिशवी होती. पिशवीतून त्यांनी जेमतेम नखाएवढ्या रुंदीची एक पट्टी काढून टेबलक्लॉथवर ठेवली. पट्टीवर अक्षरांचे खालचे भाग होते, काने, गोलाया, एक उकार, वरून कापलेले.

"पट्टी पडली तेव्हाच दिसलं," ते म्हणाले. "दुकानात त्या वेळी मी एकटाच होतो. वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी बाबा म्हणाले, काम छान झालंय. मग वाटलं, उद्या. मग चार वर्षं झाली."

"आणि त्या दिवशी वर्गात?" सूनबाईने विचारलं. "घरच्या पुस्तकासारखं समजा म्हणालात तेव्हा?"

"शब्द तोंडातून गेले आणि मग आठवलं." मोठे काका कुणाकडेच बघत नव्हते. "हिच्याकडे बघितलं. हिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला कळलं की ही घरी जाऊन बघणार."

"तरी बोलला नाहीत."

"नाही."

त्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते इथे सांगायला हवं, कारण कुणाचंही मन एवढं कोरडं नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर हीच खोली होती, पन्नास वर्षांपूर्वीची, आणि आठ वर्षांचे ते स्वतः, आणि हेच सांगणारे तरुण बाबा. त्या दिवसापासून आजपर्यंत आपण निवडलेले आहोत की नाही हे त्यांना कळलेलं नव्हतं. बावीस वर्षं मुलांना शिकवूनही नाही. त्यांनी लग्न केलं नाही, कारण ज्याचं स्वतःचंच ठरलेलं नाही त्याने आणखी कुणाला बरोबर कशाला ओढायचं.

ते न सांगितलेलं एकाला माहीत होतं. "शाळेच्या वाटेवर दादा माझा हात धरून विचारायचा," धाकटा खिडकीजवळूनच म्हणाला. "तुला आत गरम वाटतं का रे, देव असल्यासारखं? मला कसंच वाटायचं नाही, पण मी हो म्हणायचो. मग तो म्हणायचा, मला वाटत नाही. आक्का, तू विचारलंस ना, आमचं काय वाईट झालं. दादाचं झालं."

आजोबांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"मला माझ्या बापाने सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी ह्याला सांगितलं. भीती घातली म्हणजे पोर वळणावर राहतं असं वाटायचं. राहिलं. बघा कसं राहिलंय."

आत्याने मोठ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना वाटलं की आता झालं. आता रडारड होईल, मग कुणीतरी सूप गरम करून आणेल. या घरातली भांडणं अशीच मिटायची, मूळ प्रश्न तसाच ठेवून. सूनबाईला ते इतकं स्पष्ट दिसलं की तिचा संताप नव्याने उफाळला.

"नाही," ती म्हणाली. "मला वाईट वाटतंय दादा, तुमच्यासाठी खरंच वाटतंय. पण तुमची भीती तुम्ही दर रविवारी आठ पोरांत वाटता, आणि तिला देवाचं नाव देता. देवाने काय ठरवलं ते देवाला माहीत. तुम्हाला माहीत नाही, बाबांना माहीत नाही, मला नाही. मग जे आपल्याला माहीत नाही ते पोरांच्या गळ्यात का बांधायचं? माहीत आहे तेवढं सांगा. देव प्रेम करतो एवढं माहीत आहे ना? मग तिथे थांबा."

"थांबायला शिकलो नाही," मोठे काका म्हणाले.

"येत्या रविवारी शिका. त्या आठ मुलांसमोर उभं राहून सांगा, कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही हे मला माहीत नाही, आणि मी तुम्हाला घाबरवलं ते चुकलं. मी मागच्या बाकावर येऊन बसणार आहे."

"सांगतो."

"मोठे काका," वकीलबाई म्हणाली.

इतका वेळ ती खुर्चीवरून हललीच नव्हती. आता ती उठून काकांच्या खुर्चीपाशी आली. तिने पट्टीला हात लावला नाही, नुसती वाकून आपल्या नावाचा खालचा अर्धा भाग बघितला. तो वाचता येत नव्हता.

"तुम्ही 'शाई कापली' म्हणालाच नाहीत."

मोठे काका खुर्चीतून उठले. मशीन खाली दुकानात होतं, पण ते असे उभे राहिले जणू त्याच्याच शेजारी उभे आहेत, पाठ सरळ, हात बाजूला. "शाई कापली," ते म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, मोठ्याने, आतल्या खोलीत बाळ जागं होईल इतक्या. "शाई कापली."

नियमाप्रमाणे कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. आजोबांनी फक्त मान हलवली.

पण वकीलबाईचं झालं नव्हतं. "माझं नाव तुम्ही कापणार हे देवाने आधीच ठरवलं होतं का?"

आत्याचा हात तोंडाशी गेला. धाकट्याने बायकोकडे बघितलं. सूनबाईने काहीच केलं नाही, कारण तिला कळलं की या प्रश्नाचं उत्तर मुलीला दुसऱ्या कुणाकडून नकोय. बावीस वर्षं मोठ्या काकांकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. पाळकांच्या तोंडचं, बापाच्या तोंडचं, चांगलं पाठ झालेलं. ते उत्तर दिलं असतं तर ते सुटले असते, आणि दोष वर गेला असता, जिथून कुणी उत्तर द्यायला खाली येत नाही.

"नाही," मोठे काका म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

"आणि लपवलं ते?"

"ते लक्ष असताना केलं. तेही मीच."

वकीलबाईने यावर विचार केला. तिच्या डोळ्यांत आत्ता पहिल्यांदा पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. ती रागावली होती, चांगलीच रागावली होती, आणि तीन आठवड्यांत तिने स्वतःला रागवायची परवानगीच दिलेली नव्हती. "मी रोज भांडी घासली," ती म्हणाली. "मला नको होती घासायला."

"आज मी घासतो," मोठे काका म्हणाले. "पुढचे तीन आठवडे मीच घासतो."

"आणि ते मी चिकटवणार," तिने पट्टीकडे बोट दाखवलं. "आई शिकवेल. तुम्ही हात नाही लावायचा."

"नाही लावत."

सूनबाईने पट्टी उचलून पुस्तकापाशी नेली आणि पानाच्या तळाशी धरून बघितली. बसत होती. पातळ कागद आणि पातळ खळ लागेल, आणि जोड कायम दिसत राहील. दिसू दे, तिने ठरवलं. बाळाच्या नावाची शाई अजून पूर्ण वाळलेली नव्हती, म्हणून पुस्तक बंद न करता ती परत येऊन बसली.

"सूप गार झालं," आत्या म्हणाली, पण ती उठली नाही, कारण जेवायच्या आधी काहीतरी राहिलंय हे सगळ्यांनाच जाणवत होतं.

"पिल्लू," वकीलबाई खुर्चीवर चढत म्हणाली, "ते परत कर. मघाचं चुकीचं झालं."

पिल्लूने हात जोडले आणि एक डोळा उघडा ठेवून मोठ्या काकांकडे बघितलं. खात्री करून घ्यायची असेल.

"देवा," ती म्हणाली, "मघाचं ऐकू नको. ते तू नव्हतं कापलं, काकांनी कापलं. आम्ही तुला उगाच घाबरलो. माझं नाव राहू दे, ताईच्या शेजारी. आमेन."

"आमेन," मोठे काका म्हणाले, सगळ्यांच्या आधी, आणि उठून गार झालेलं सूप गरम करायला घेऊन गेले.